डॉसवरची स्मरणवही: गुरांच्या दवाखान्यातल्या ४८६ साठी

९ जून २०२४, रविवार

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात ४८६ मशीन (इंटेलच्या ४८६ प्रोसेसरचा जुना पीसी) अजून रोज चालतं. दवाखाना गुरांचा. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या मशीनमध्ये आहेत, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे आणि काकांचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला आहे. नवीन घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. काकांचं म्हणणं एकच: चालतंय तोवर बदलायचं नाही. मला ते पूर्ण पटतं.

त्यांना हवंय ते असं. सकाळी मशीन सुरू केलं की आज कुठल्या गावात कुठलं जनावर बघायचंय याची यादी पडद्यावर यावी, आणि ती कागदावर काढून खिशात टाकता यावी. सध्या हे एका जाड वहीत चालतं. गाय भरवली (रेतन केलं) की एकवीस दिवसांनी ती उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, ते विचारायचं, नव्वद दिवसांनी गाभण तपासणी, विण्याआधी साठ दिवस आटवायची (दूध काढणं थांबवायची) आठवण, मग वेताची म्हणजे विण्याची अंदाजे तारीख. एका रेतनातून चार तारखा निघतात आणि त्या वहीच्या चार पानांवर लिहाव्या लागतात. शिवाय लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. यातली एक तारीख राहिली की शेतकऱ्याचे एकवीस दिवस आणि तेवढ्या दिवसांची वैरण वाया जाते.

तयार काही मिळतं का ते पाहिलं. बोर्लंडचा साइडकिक १९८४ चा. त्यात कॅलेंडर आणि भेटींची वही आहे. पण तो मेमरीत मुक्काम करून राहतो आणि काकांच्या नोंदींच्या प्रोग्रामला ६४० केबीतली मिळेल तेवढी जागा लागते. युनिक्सवरचा 'कॅलेंडर' हा आदेश मला जास्त जवळचा वाटला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून तो आहे. साधी मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीत तारीख आणि काम. आदेश दिला की आजच्या आणि उद्याच्या ओळी समोर. शुक्रवारी त्याचा 'उद्या' सोमवारपर्यंत जातो. ही कल्पना मी तशीच घेणार आहे.

मशीन: ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्‌झ, ८ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ (आदेश टाइप करून चालवायची मायक्रोसॉफ्टची जुनी कार्यप्रणाली, पुढे नुसतं डॉस), व्हीजीए रंगीत मॉनिटर.

१६ जून, रविवार

प्रोग्रामची एक ओळही लिहिण्याआधी घड्याळ दुरुस्त करावं लागलं. मशीन बंद करून सुरू केलं की तारीख १ जानेवारी १९८०. काका रोज सकाळी तारीख हाताने देतात, आणि घाई असली तर नुसतं एंटर दाबून पुढे जातात. जुन्या प्रोग्रामचं त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण त्यात प्रत्येक नोंदीची तारीख टाइपच करायची असते. स्मरणवहीचं सगळं भांडवल मात्र आजची तारीख हेच.

झाकण उघडलं. बोर्डावरची निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची बॅटरी पाझरली होती आणि हिरवट क्षार कीबोर्डच्या जोडणीपर्यंत पोचला होता. बॅटरी कापून काढली. तिच्यातला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कधर्मी. म्हणून आधी व्हिनेगर, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश. दोन तांब्याच्या रेघा खाऊन गेल्या होत्या, त्या बारीक वायरने जोडल्या. असा बोर्ड ज्यांच्या माळ्यावर पडून आहे त्यांनी मशीन लावायचं नसलं तरी ती बॅटरी आजच काढून टाकावी. एकदा रेघा गेल्या की बोर्ड वाचवणं फार कष्टाचं होतं.

त्या जागी आधी ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल आणि एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला. डायोड लागतोच, कारण बोर्ड या जागेला चार्जिंग पुरवतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. साध्या सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.६ व्होल्ट पडतात; उरले २.४. या बोर्डाला ते पुरले नाहीत, रात्रभर बंद राहिल्यावर तारीख पुन्हा १९८०. मग बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा सापडली. तिथे पेन्सिल सेल तीनच्या डबीत घालून जोडले, जंपर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) बदलला आणि डबी कॅबिनेटच्या पत्र्याला बाहेरच्या अंगाला चिकटवली. आता सेल पाझरले तरी बोर्डावर काही येणार नाही.

खर्च: डबी, सेल, डायोड, वायर मिळून दीडशे रुपयांच्या आत. वेळ: सगळा रविवार.

२३ जून, रविवार

भाषा सी, कंपायलर (लिहिलेल्या मजकुराचा चालणारा प्रोग्राम करून देणारा) टर्बो सी २.०१. १९८९ चा हा कंपायलर बोर्लंडने पुढे मोफत वाटला. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्या कितीतरी जणांच्या बोटांना त्याची निळी खिडकी ओळखीची आहे. लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर डॉस चालवणारा प्रोग्राम) लिहायचं आणि फ्लॉपीने ४८६ वर न्यायचं. एक इशारा: डॉसबॉक्सला तारीख लॅपटॉपकडून मिळते, त्यामुळे घड्याळाचे दोष तिथे कधीच दिसत नाहीत. ते पकडायला खरं मशीनच लागतं.

आदेशाचं नाव 'नोंद', टाइप करायला रोमन चार अक्षरं. माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक काम: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कामाचा प्रकार, गाव, मालक, जनावर. तारीख उलटी लिहायला काकांचा थोडा विरोध होता. त्यांना दिवस आधी हवा. पण वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की डॉसचा स्वतःचा 'सॉर्ट' आदेश फाइल तारखेनुसार लावून देतो आणि 'फाइंड' ला वर्ष-महिना दिला की त्या महिन्याच्या ओळी निघतात. माझा प्रोग्राम उद्या बिघडला तरी डॉसच्या दोन आदेशांवर वही वाचता आली पाहिजे. 'सॉर्ट' ला ६४ केबीची मर्यादा आहे. वर्षाची वेगळी फाइल ठेवली की ती आड येत नाही. पडद्यावर आणि कागदावर तारीख काकांच्या सवयीप्रमाणे दिवस आधीच दिसेल.

३० जून, रविवार

तारखांचं गणित. डॉसची तारीख १९८० ते २०९९ एवढीच असते, आणि यामुळे काम फार हलकं होतं. या सगळ्या पट्ट्यात चारने भाग जाणारं प्रत्येक वर्ष लीप वर्ष आहे. २००० सुद्धा, कारण त्याला ४०० ने भाग जातो. २१०० चा अपवाद पट्ट्याच्या बाहेर राहतो. म्हणून शतकाचे नियम घातलेच नाहीत.

प्रत्येक तारखेचा १ जानेवारी १९८० पासूनचा अनुक्रमांक काढायचा आणि बेरीज-वजाबाकी त्या अंकांवर करायची. शेवटची तारीख ४३८२९ वी पडते. टर्बो सी मधला साधा पूर्णांक १६ बिटांचा, ३२७६७ ला संपतो. चिन्ह नसलेला (ऋण संख्या न ठेवणारा) घेतला की ६५५३५ पर्यंत जातो आणि पुरतो. वार काढायला वेगळं सूत्र लागत नाही: १ जानेवारी १९८० ला मंगळवार होता, तेव्हा अनुक्रमांकात दोन मिळवून सातने भागलं की बाकी म्हणजे वार, रविवार शून्य.

तारखेवरून वार काढायचं झेलरचं सूत्र आधी घातलं होतं ते काढलं. त्यात मधली किंमत ऋण जाऊ शकते, आणि या कंपायलरमध्ये ऋण संख्येची बाकी ऋणच येते. काही तारखांना वार 'उणे दोन' छापला जात होता.

७ जुलै, रविवार

दवाखान्यात पहिल्यांदा चालवला. यादी दिसली, रंगीत दिसली, काका खूश. मग प्रिंट काढायला गेलो तर कागद कोरा.

कारण असं की रंगासाठी मी टर्बो सी ची कन्सोलची फंक्शनं वापरली होती आणि ती अक्षरं थेट व्हिडिओ मेमरीत लिहितात. आदेशापुढे 'मोठे' चिन्ह देऊन प्रिंटरकडे वळवलं तरी डॉसला त्या अक्षरांचा पत्ताच नसतो. सगळं छापणं डॉसच्या नेहमीच्या वाटेने केलं, रंग गेले, कागदावर यादी आली. काकांनी रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. कागद घडी घालून खिशात टाकला आणि मोटारसायकल काढली.

छपाई आपोआप व्हावी म्हणून ऑटोएक्झेक फाइलीत (मशीन सुरू होताना डॉस जी आपोआप चालवतं ती आदेशांची बॅच फाइल) ओळी घातल्या. प्रोग्राम परत जाताना आकडा देतो: शून्य म्हणजे आज काम नाही, एक म्हणजे यादी आहे, दोन म्हणजे तारखेबद्दल शंका आहे. बॅच फाइलीत 'एररलेव्हल १' याचा अर्थ 'एक किंवा त्याहून जास्त' असा होतो. म्हणून दोनची तपासणी आधी आणि एकची नंतर लिहायची. उलट क्रमात शंकास्पद तारखेची यादीही बिनदिक्कत छापली जाते.

१४ जुलै, रविवार

आजचा दोष सगळ्यात वाईट, कारण तो आठवडाभर लपून राहिला.

एका रेतनातून चार तारखा काढायचा भाग तयार झाला. आजची तारीख देऊन एक गाय नोंदवली. एकवीस दिवसांची नोंद बरोबर. पण 'येत्या सात दिवसांत' या यादीत तीच गाय वेताला आलेली दिसायला लागली. आज भरवलेली गाय पुढच्या शनिवारी विणार! आणि नव्वद दिवसांची गाभण तपासणी दाखवत होती 'काल राहून गेली'.

काकांनी एकदा वेळेच्या भेटींचा विषय काढला होता, म्हणून उरलेला काळ मी मिनिटांत मोजत होतो: दिवस गुणिले १४४०. दोन्ही संख्या १६ बिटांच्या, मग गुणाकारही १६ बिटांतच होतो आणि २२ दिवसांच्या पुढे तो मावत नाही. एकवीस दिवसांचे ३०२४० होतात, ते मावतात. म्हणून आधीच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या. नव्वद दिवसांचे व्हायला हवेत १,२९,६००. मर्यादेला वळसा घालून ते उणे १४७२ होतात, म्हणजे बरोबर एक दिवस आणि वर थोडी मिनिटं मागे. २८० दिवसांचे ४,०३,२०० वळसे घेत ९९८४ वर थांबतात, म्हणजे सात दिवसांना किंचित कमी. म्हशीचे ३१० दिवस ऋण जातात, त्यामुळे म्हैस यादीतून नाहीशीच होते. कंपायलर यातल्या कशावरही चकार शब्द काढत नाही.

१४४० ला लांब पूर्णांक केलं असतं तरी भागलं असतं. पण मी मिनिटंच काढून टाकली. गुरांच्या डॉक्टरांच्या कामाला दिवस असतो, मिनिट नसतं. गाय अडली तर ते बोलावणं यादीत नसतंच. आता दिवस दिवसांत मोजतो, आणि वेळ लिहिलीच तर ती ओळीतला मजकूर म्हणून राहते.

याच कारणाने वेळ झाल्यावर बीप वाजवणारा, मेमरीत राहणारा भागही सोडून दिला. डॉसच्या पोटात एक काम चालू असताना दुसऱ्याने फाइल उघडायची नसते. ते सांभाळायला बराच खटाटोप लागतो, आणि इथे त्याची गरज नाही.

चाचणीसाठी सगळ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर हाताने मोजल्या. १४ जुलैपासून २१ दिवस म्हणजे ४ ऑगस्ट, ९० म्हणजे १२ ऑक्टोबर, २२० म्हणजे १९ फेब्रुवारी २०२५, २८० म्हणजे २० एप्रिल २०२५. २८० म्हणजे बरोबर चाळीस आठवडे, तेव्हा वार तोच यायला हवा: रविवार ते रविवार. ही सोपी पडताळणी कायम ठेवा.

२२ जुलै, सोमवार

काकांचा सकाळी फोन: "अरे, यादी कालचीच निघाली."

शनिवारी संध्याकाळी जुन्या नोंदींच्या प्रोग्रामचा मेनू उघडा ठेवून ते गेले होते. मशीन दोन रात्री चालूच. सोमवारी मेनूतून बाहेर येऊन 'नोंद' दिलं तर तारीख रविवारची.

मशीन चालू असताना डॉस वेळ मोजतं ते सेकंदाला सुमारे १८.२ टिकटिकींच्या मोजणीवर. १५,७३,०४० टिकटिकी झाल्या की मोजणी शून्यावर येते आणि बायोस (बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) 'मध्यरात्र उलटली' अशी खूण करून ठेवतं. पुढच्या वेळी डॉसने घड्याळ वाचलं की ते ही खूण बघून तारीख एकाने पुढे नेतं. खूण म्हणजे हो किंवा नाही, किती रात्री गेल्या ते तिच्यात नसतं. समोरचा प्रोग्राम बायोसकडूनच कीची वाट बघत बसला आणि डॉसला मध्ये कोणी हाकच मारली नाही, तर दोन मध्यरात्रींची मिळून एकच खूण उरते. एक दिवस गेला.

म्हणजे तारखेचे दोन साक्षीदार आहेत: डॉस, आणि बॅटरीवर चालणारं बोर्डावरचं घड्याळ. दोघांचीही चूक होऊ शकते. मशीन सतत चालू असलं तर डॉस मागे पडतं; सेल संपले तर बोर्डावरचं घड्याळ १९८० वर जातं, आणि तेव्हा काकांनी हाताने दिलेली डॉसची तारीखच खरी असते. तिसरा साक्षीदार हवा होता. तो असा केला: प्रोग्राम दर वेळी एका छोट्या फाइलीत 'शेवटची तारीख' लिहून ठेवतो. काळ मागे जात नाही, तेव्हा या तारखेच्या मागची कुठलीही तारीख खोटी.

नियम असा ठरला. बोर्डावरचं घड्याळ इंटरप्ट १ए हेक्स (बायोसला मारायची हाक, क्रमांक सोळाच्या पायावरचा), उपक्रमांक ४ ने वाचायचं. तो शतक, वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देतो. ती तारीख शेवटच्या तारखेच्या मागे नसेल आणि साठ दिवसांहून पुढेही नसेल, तर तीच धरायची आणि डॉसचीही दुरुस्त करायची. ती पटण्यासारखी नसेल तर डॉसची तारीख त्याच कसोटीला लावायची. दोन्ही नापास झाल्या तर यादी दाखवायचीच नाही; मोठ्या अक्षरांत तारीख विचारायची. त्या प्रश्नाला नुसतं एंटर दाबून पुढे जाता येत नाही, हे मी मुद्दाम केलं. चुकीच्या दिवसाची यादी घेऊन वीस किलोमीटर जाण्यापेक्षा दोन मिनिटं थांबलेलं बरं.

साठ दिवसांची मर्यादा अशासाठी की काही जुन्या बायोसना १९९९ नंतरची वर्षं नीट कळत नाहीत, आणि काही तर थेट २०९४ साल दाखवतात. एकदा ते साल 'शेवटची तारीख' म्हणून लिहिलं गेलं की पुढच्या सगळ्या खऱ्या तारखा खोट्या ठरतील.

४ ऑगस्ट, रविवार

चाचणीच्या गायीची एकवीस दिवसांची नोंद आज बरोबर वर आली. पण काकांनी मंगळवारी टाकलेल्या तीन नोंदी गायब. फाइलीचा आकार वाढलेला, ओळी मात्र दिसत नाहीत.

काकांनी सोमवारी त्यांच्या सवयीच्या जुन्या एडिटरमध्ये फाइल उघडून एका मालकाचं नाव दुरुस्त केलं होतं. तो एडिटर सीपी/एमच्या (डॉसच्या आधीची कार्यप्रणाली) काळच्या रीतीने चालतो. तिथे फाइलीची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांतच मोजली जायची, म्हणून मजकूर कुठे संपला ते सांगायला शेवटी कंट्रोल-झेड हे चिन्ह भरतात. डॉसनेही ती खूण ठेवली. माझा प्रोग्राम नवीन ओळ फाइलीच्या शेवटी, म्हणजे त्या चिन्हाच्या पलीकडे, जोडत होता आणि वाचताना त्या चिन्हाशी थांबत होता. नोंदी डिस्कवर होत्या, फक्त भिंतीपलीकडे.

आता फाइल बायनरी पद्धतीने, म्हणजे कुठल्याही चिन्हाला खास अर्थ न देता, वाचतो, कंट्रोल-झेड कुठेही आला तरी गाळून पुढे जातो. तिन्ही नोंदी परत मिळाल्या. काकांना एडिटर बदलायला सांगितलं नाही. दोन फाइली 'कॉपी' आदेशात अधिक चिन्हाने जोडल्या तरी शेवटी हेच चिन्ह येतं, तेव्हा गाळणी घातलेलीच बरी.

याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. जुन्या नोंदी काढून टाकायचा आदेश चालू असताना वीज गेली. प्रोग्राम मूळ फाइल रिकामी करून पुन्हा लिहीत होता. उरली शून्य लांबीची फाइल. 'चेकडिस्क' ने सुटे पडलेले तुकडे फाइलीत गोळा करून दिले आणि त्यातून बहुतेक मजकूर हाताने जुळवला. नवा क्रम: आधी वेगळ्या नावाने नवी फाइल पूर्ण लिहायची आणि बंद करायची, मग जुनी राखीव प्रत पुसायची, चालू फाइलीचं नाव राखीव करायचं, शेवटी नव्या फाइलीला चालू नाव द्यायचं. ज्या नावाची फाइल आधीच आहे ते नाव डॉस दुसऱ्या फाइलीला देत नाही, म्हणून ही कसरत. मध्ये कुठेही वीज गेली तरी एक पूर्ण प्रत डिस्कवर असतेच. सुरुवातीला चालू फाइल सापडली नाही तर प्रोग्राम राखीव प्रत शोधतो आणि तसं स्पष्ट सांगतो.

११ ऑगस्ट, रविवार

चाचणीच्या गायीची गाभण तपासणी १२ ऑक्टोबरला येते म्हटल्यावर काका म्हणाले, "त्या दिवशी दसरा. गोठ्यात कोण भेटणार?" बरोबर आहे. पोळ्याला, बेंदराला बैलाला हात लावू देत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी मालक घरी नसतात.

बाजार सोपा, गावापुढे वार लिहिला की झालं. सणांची अडचण तिथीची. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, यंदा १२ ला, पुढच्या वर्षी २ ला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांच्या आसपास, म्हणून सण दहा ते बारा दिवस मागे येतात आणि अधिक मासाने पुन्हा पुढे जातात. गेल्या वर्षी अधिक श्रावण होता, पोळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेला. यंदा तो २ सप्टेंबरला आहे.

तिथी प्रोग्रामने काढावी असा मोह झाला. सरासरी चांद्रमास २९.५३ दिवसांचा धरून दोन संध्याकाळी प्रयत्न केला. पण चंद्राची गती सारखी नसते, एक तिथी कधी १९-२० तासांत संपते तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. सरासरीवर काढलेली तिथी एका दिवसाने सहज चुकते. नीट काढायची तर सूर्य-चंद्राच्या स्थानांचं खरं गणित हवं, आणि सूर्योदयाची वेळही. वर्षाला दहा-बारा सणांसाठी तो भार प्रोग्रामवर टाकणं मला मान्य नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तारखा बघून एका वेगळ्या फाइलीत टाकल्या. चालू वर्षाचे सण भरलेले नसतील तर जानेवारीत प्रोग्राम आठवण करतो.

सणाच्या दिवशी आलेलं काम आपोआप पुढे ढकलत नाही. नुसतं चांदणीचं चिन्ह लावून सांगतो. गाभण तपासणी दोन दिवस पुढे गेली तर चालते, माजाची विचारणा पुढे जाऊन चालत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

१ सप्टेंबर, रविवार

सगळं रोमन अक्षरांत चालतं याची मला खंत होती. वार आणि कामाचे प्रकार तरी देवनागरीत दिसावेत. पूर्वी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून डॉसवर भारतीय लिप्या दाखवत असत. ते कार्ड माझ्याकडे नाही, म्हणून व्हीजीएच्या (चित्र दाखवणाऱ्या कार्डाच्या) अक्षरसाच्यावर काम केलं. व्हीजीएत इंटरप्ट १० हेक्सने स्वतःची अक्षरं भरता येतात. प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद, सोळा उंच. सगळी देवनागरी त्यात बसवायची गरज नव्हती. ठरावीक शब्द होते, सात वार आणि सात-आठ कामं, तेवढ्यांचेच तुकडे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढले. 'गाभण', 'आटवणे', 'लस' चांगले जमले. जोडाक्षरं दोन घरांत पसरवली.

पडद्यावर शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटत होती. व्हीजीए मजकूर दाखवताना प्रत्येक अक्षराला नवव्या ठिपक्याची जागा देतो आणि ती कोरी ठेवतो. फक्त १९२ ते २२३ या क्रमांकांच्या अक्षरांत आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटतो, म्हणजे चौकटींच्या आडव्या रेघा जुळतात. शिरोरेषेलाही हेच हवं, पण जागा बत्तीसच. मला जास्त लागत होत्या. मग कार्डाच्या रजिस्टरांत (आतल्या सेटिंगच्या जागांत) बदल करून नववा ठिपकाच काढला: सीक्वेन्सरच्या क्लॉकिंग मोड रजिस्टरचा पहिला बिट चढवून आठ ठिपक्यांचं अक्षर केलं, मिसलेनियस आउटपुट रजिस्टर ६७ हेक्सवरून ६३ हेक्सवर आणून ठिपक्यांचं घड्याळ २८ वरून २५ मेगाहर्ट्‌झवर घेतलं, आणि आडव्या सरकीचं रजिस्टर ८ वरून ० केलं. यातलं एक सुटलं तरी चित्र नीट येत नाही. तिन्ही जुळल्यावर सोमवारच्या डोक्यावरून एकसंध रेघ गेली. हे बघून फार बरं वाटलं.

पण ही अक्षरं प्रोग्राम संपल्यावरही कार्डात राहतात. जुन्या नोंदींच्या प्रोग्रामच्या चौकटींच्या जागी 'भ' आणि 'ट' दिसायला लागले. बाहेर पडताना मूळ मोड पुन्हा लावला की सगळं पूर्ववत होतं, पण त्यात पडदाही पुसला जातो, म्हणजे यादीच जाते. पडदा न पुसता मोड लावला तर यादीच्या जागी चौकटींचे तुकडे उरतात.

म्हणून देवनागरी यादी वेगळ्या आदेशाने: ती दिसते, की दाबेपर्यंत थांबते, मग मूळ मोड परत. सकाळची आपोआप येणारी यादी आणि कागद रोमनमध्येच राहिले. प्रिंटरच्या ग्राफिक्स मोडमधून तेच साचे छापता येतील. ते काम पुढच्या खेपेला.

१५ सप्टेंबर, रविवार

वही आता फक्त पडताळणीला उघडते. काका आठवड्यातून एकदा दोन्ही ताडून बघतात; ते अजून महिनाभर चालू ठेवायला मीच सांगितलं आहे. प्रोग्राम टायनी मॉडेलमध्ये (सगळं मिळून ६४ केबीच्या आत), एकाच कॉम फाइलीत (डॉसवर थेट चालणारी लहान फाइल), देवनागरी साचे धरून एका फ्लॉपीच्या छोट्या कोपऱ्यात मावतो. दर शनिवारी नोंदींची फाइल दोन फ्लॉप्यांवर आलटून पालटून जाते. एक दवाखान्यात, एक घरी.

दिवसांचे आकडे प्रोग्राममधून काढून वेगळ्या फाइलीत ठेवले, म्हणजे कुणालाही कंपायलरशिवाय बदलता येतील. गायीची ओळ २१, ९०, २२०, २८०. म्हशीची २१, ९०, २५०, ३१०. आज काकांनी शेळीची ओळ मागितली. तिचा गाभणकाळ १५० दिवसांच्या आसपास, आणि आटवायची आठवण त्यांना शेळीसाठी नको. त्या जागी शून्य टाकलं तर प्रोग्राम 'आजच आटवा' असं छापत होता. आता शून्य म्हणजे ती नोंद करूच नये, असा अर्थ धरला जातो; बदललेली कॉम फाइल दोन्ही फ्लॉप्यांवर टाकली आहे.